पाया : नाही

अर्जात लिहिलं,
बांधकामाचे स्वरूप : तात्पुरते.
मुदत : एकवीस दिवस.
पाया : नाही.
कुलसचिव कार्यालयातल्या वझेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"नाही म्हणजे?"

म्हणजे बाई, हिरवळीखाली केबल आहे,
केबलखाली भराव,
भरावाखाली नेरुळची खाडी,
तिला अजून कुणी कळवलेलं नाही की ती आता आवार आहे.
खणायला मनाई. एक खुंटीसुद्धा नाही.

तर माणग्याचे बेचाळीस बांबू,
सांध्यांना सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या,
वर पॅराशूटचं कापड.
सगळं मिळून एकशे ऐंशी किलो,
म्हणजे आमच्या वर्गातली तीन मुलं,
नाश्त्याआधी.

मुलं विचारायची, मॅडम, उभं राहील ना?
ओवी घरतने प्रतिकृती टेबलफॅनसमोर धरली
आणि प्रश्नच बदलला.
ती पडली नाही.
उठली, दोन बाकं ओलांडून
कपाटावर जाऊन बसली.

हलक्या वस्तूला पडायचं भय नसतं.
तिला धरून ठेवावं लागतं.

मग आठवडाभर आम्ही फक्त वजन शोधत हिंडलो.
वाळूची पोती : सुरक्षा अधिकारी म्हणाले, युद्ध आहे का?
ग्रंथालयातले बाद झालेले खंड :
बाद झालेत, पण निर्लेखन व्हायचंय.
शेवटी ओवीचे काका आले, करावे गावातून,
हाताला जाळ्याचे वळ.
"पानी भरा ना डरममदी.
पानी हलकं वाटतं, उचलून बगा."
गाठही त्यांचीच :
ओढ लागली की आवळते,
एका हिसक्यात सुटते.

सहा निळे ड्रम. बारा दोर.
दुपारी चारला खाडीवरून वारा आला,
कापड फुगलं, दोर ताठले,
ट्यूबच्या पट्ट्या कुरकुरल्या.
ड्रममधलं पाणी
जरासं थरथरलं, बस.

आत कुणी तोंडी परीक्षा दिली,
कुणी भांडलं,
माळ्याने चप्पल उशाशी घेऊन झोप काढली.
एकोणिसाव्या दिवशी वझेबाई डबा घेऊन आल्या,
कापडातून गाळलेल्या उन्हात बसल्या,
भेंडीची भाजी मला वाढली,
म्हणाल्या, "राहू दे की हे. मुदतवाढीचा एक नमुना असतो."

असतो.
मला तो पाठ आहे.
दर जूनला भरते, सात वर्षं,
तासिका तत्त्वावर,
स्वरूपाच्या रकान्यात तोच शब्द.

मी म्हणाले, नको, एकवीस ठरलेत.

उतरवायला पावणेदोन तास लागले,
त्यातला तासभर पाणी सोडण्यात.
गवतावर सहा पिवळी वर्तुळं राहिली.
ओवीने शेवटची गाठ मला दिली,
मी हिसका दिला,
दोर हातात आला, इतका सहज
की मी दोन पावलं मागे गेले.

तेवढ्यात वारा.
एक रिकामा ड्रम आडवा झाला
आणि गडगडत निघाला फाटकाकडे.
"मॅडम, धरा!" ओरडत
ओवी त्याच्यामागे,
ओवीच्या मागे माळी,
आणि, चप्पल हातात घेऊन,
मी.