जोड

चोरबाजारातली सोळा एमेमची प्रिंट.
डबा उघडताच आंबूस भपका,
आणि माहीमच्या खोलीत, चादरीवर,
नायिकेची हिरवी साडी शेंदरी,
माड शेंदरी, समुद्रसुद्धा.

पाठारेकाका पडद्याकडे पाठ करून
प्रोजेक्टरला कान लावून बसलेले.
"पट्टा सैल आहे," एवढंच.

मग ती दार उघडते
आणि एकदम रडतेच.

काका वळले. "हा जोड माझा.
लालबाग, गणपती, भर मैदानात तुटली फिल्म,
पोरं शिट्ट्या मारत होती.
ब्लेडने कापली, चिकटवली.
हातभर गेली."

दारात कोण होतं मग?

"तारवाला.
महिनाभर माझ्या खिशात होता.
शेवटी सदऱ्याबरोबर धुतला गेला."

चादरीवर ती अजून रडत होती
आणि आम्हाला हसू आवरेना.