वहिवाट

वीस वर्षं घरं विकते आहे मी, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला.
गिऱ्हाईक आत आल्यावर आधी कुठे बघतं, यावरून ओळखते.
तरुण जोडपी ओट्याकडे,
धास्तावलेले पुरुष तळघरातल्या ओलीकडे,
आणि माझ्यासारख्या बायका कपाटं उघडतात.
व्हर्ना स्लेटन सरळ मागच्या दाराशी गेली,
कडी काढली, बाहेर पाहिलं,
म्हणाली, वाट कुठाय?

वय अडुसष्ट. शाळेची बस चालवून निवृत्त.
एक गुडघा स्वतःचा, एक बसवलेला.
अट एकच:
रूळ उपटून, खडी दाबून
जुन्या रेल्वेमार्गाची जी पायवाट झाली आहे,
तिच्यापासून घर पाच मिनिटांवर हवं.
तिच्या गुडघ्यांची पाच मिनिटं, माझ्या नव्हे.

मी तळ्याकाठचं घर दाखवलं. समोर उद्यान,
बदकांना काय घालू नये याचे तीन फलक.
तिने तळ्याला एक फेरी मारली.
गोल वाट म्हणजे घड्याळाचा काटा, म्हणाली,
नेत कुठेच नाही.
टेकडीवरचं दाखवलं. ओकची झाडी, अंगणात हरणं येतात.
हरणांचं मी काय करू?
तिसऱ्याच्या आड महामार्ग आला.
चौथ्याच्या स्वयंपाकघराची मी तारीफ करत होते
तेव्हा ती बाहेर पावलं मोजत होती,
ओठ हलवत, ऑक्टोबरच्या पानांतून.

मला वाटलं, व्यायामाचं वेड.
असतात अशी माणसं, मनगटाला आकडे बांधून फिरणारी.
पण तिच्या मनगटावर काही नव्हतं.

सातवं घर कुणी घेईना असं.
छत बुटकं, गालिच्याला कुठल्याशा मांजराचा वास,
न्हाणीघर अठ्ठावन्न सालापासून गुलाबी.
मागे कुंपणात गंजलेलं फाटक,
फाटकापलीकडे वाट.
चल, ती म्हणाली.
मी शहाणी, टाचांचे बूट घालून आले होते.
गेलो. लाकडी पूल, ओढा, लालभडक झुडपं.
दोन कुत्र्यांनी ओढत आणलेला एक माणूस
छान दिवस आहे म्हणाला. आम्हीही म्हणालो.
मग एका परसापाशी
तिचा बसवलेला गुडघा जरा जास्तच जपून चालू लागला.
निळी घसरगुंडी. घेवड्याचे वाळलेले वेल.
खिडकीत कुणाची तरी पाठ, भांडी विसळणारी.
आम्ही थांबलो नाही.

मारेन, ती म्हणाली, बरंच पुढे गेल्यावर. माझी मुलगी.
चार वर्षं झाली.
चूक कुणाची विचारू नकोस. माझीच आहे, बरीचशी.
मग म्हणाली,
रस्त्यानं गेले तर भेटायला आले असं होतं.
बेल वाजवावी लागते, चेहरा तयार ठेवावा लागतो.
वाटेवर असायला कारण लागत नाही.
म्हातारी बाई चालते आहे. बास.

खरेदीखतात एक कलम असतं,
शेकडो वेळा वाचून दाखवलंय मी:
मागची दहा फुटांची पट्टी वहिवाटीची,
जाण्यायेण्याचा हक्क सर्वांना, आणि कायमचा.
त्या दिवशी तिथे अडखळले.
तिने सही केली, आडनाव ठासून.
गुलाबी न्हाणीघराच्या नावाने
मी किंमत थोडी पाडून घेतली होती.

फेब्रुवारीत तिचा फोन. नळ गोठलेत, प्लंबर हवाय.
नंबर दिला. ठेवता ठेवता म्हणाली,
त्या परसात काल कुणीतरी बर्फ उपसलाय.
मागच्या दारापासून थेट कुंपणापर्यंत,
फावड्याच्या रुंदीची एक गल्ली.

पक्ष्यांना दाणे टाकायला असेल, ती म्हणाली.
असेल, मी म्हणाले.
कुंपणापाशी दाण्यांचं भांडं टांगलंय का,
ते मी विचारलं नाही.