बुट्टीखालचे एकोणीस दिवस

जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना
डाव्या हाताला सातेरी गावड्याचं भाताचं शेत,
शेताच्या टोकाला उघडा काळा खडक,
खडकात चार भोकं पाडून रोवलेला माझा खांब,
वर पांढरा घुमट, उपड्या वाडग्याएवढा.
तो काही बघत नाही. ऐकतो फक्त.
वीस हजार किलोमीटरवरून
कितीतरी घड्याळं आपापली वेळ सांगत जातात,
आणि त्या वेळांच्या फरकातून
खडक कुठं आहे ते कळतं.
काल कुठं होता, तेही.

दर महिन्याला मी बेळगावहून येतो,
बॅटरीचं पाणी बघतो,
उंदरांनी कुरतडलेली वायर बदलतो,
वहीत तारीख घालतो.

पाच वर्षांनी सातेरीनं विचारलं,
“किती हललं म्हणायचं मग?”
मी वीत धरून दाखवली, वर एक बोट.
“कुठल्या अंगाला?”
ईशान्येला.
तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला,
“देवाच्या कोपऱ्याकडं. बरं हाय.”

मग त्यानं बांध दाखवला,
अकरा वर्षं खानापूरच्या कोर्टात चुलतभावासमोर उभा असलेला.
“आणि ह्यो?”
तेवढाच.
“आणि त्याचं शेत?”
तेवढंच. चंदगडचा खांब, धारवाडचा खांब,
मधली ती रेघ, जिच्यापायी पाट्यांना डांबर फासतात,
सगळं एका पाटावर बसल्यासारखं चाललंय.
एकातून दुसरं वजा केलं
तर जे उरतं ते आमच्या चुकीहून लहान.
“म्हणजे भांडणपण सरकूलालंय की,”
तो म्हणाला, आणि विडी शोधायला लागला.

त्याला मी हे सांगितलं नाही
की श्रावणात जमीन खाली बसते,
साठलेल्या पाण्याच्या वजनानं, पेरभरसुद्धा नाही,
आणि शिमग्यापर्यंत हळूहळू वर येते,
गोणी उतरवलेल्या माणसाच्या खांद्यासारखी.
सांगायला हवं होतं. त्याला पटलं असतं.

गेल्या वैशाखात बेंगळूरूहून फोन.
एका रात्रीत ठिपका तेरा मिलिमीटर वर.
भूकंप म्हणावा तर
शेजारचे खांब गप्प.
बॅटरी ठीक, वायर ठीक, सगळं ठीक दिसतंय इथून,
तुम्हीच जाऊन बघा.

गेलो. घुमटावर बांबूची बुट्टी,
वळवानं भिजून काळी पडलेली,
सुंभानं खांबाला आवळलेली, गाठीवर गाठ.
सातेरीची सून गौरव्वा उंबऱ्यात आली,
माहेर बैलहोंगलकडचं,
जमिनीला अजून नेल म्हणते.
“गारा पडल्या,” म्हणाली,
“फुटंल ते. म्हणून झाकलं.”

ओल्या बांबूतून येताना
आकाशातली वेळ जराशी अडखळते,
आणि न हललेला खडक उडी मारतो कागदावर.
हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं?
सुंभ सोडायला पंधरा मिनिटं गेली.
बुट्टी तिच्या हातात दिली, चहा घेतला.

रात्री खोलीवर एकोणीस ठिपके पुसले.
शेजारी कारणाचा रकाना असतो,
तिथं ‘अडथळा’ लिहायची पद्धत आहे.
मी ते लिहिलं. खोडलं.
‘गारा’ लिहिलं, तेही खोडलं,
शेवटी ‘बुट्टी’.
वरून कुणी विचारलं तर विचारू देत.

विसाव्या दिवसाचा ठिपका नीट जागेवर होता,
म्हणजे जागेवर नव्हता:
खडक मधल्या काळात अडीच मिलिमीटर
पुढं गेला होता,
झाकलेलाच.