पिन

कुडचड्यात, शटर अर्धं ओढून,
पप्पा करंगळीएवढा शाफ्ट जोडतात.
दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत,
नाहीतर गाडी थरथरते.
हे त्यांना टिप्परनं शिकवलं,
खाणी चालू होत्या तेव्हा.

ग्रब स्क्रूला थ्रेडलॉकचा निळा थेंब, एकच.
दुसरा पडला की सांधाच गोठतो.
"चष्मो खंय गो?"
कपाळावर.

रविवारी चिरेखाणीत
रिमोट माझ्याकडे; ते उकिडवे बसून ऐकतात.
कड चढताना, कट्‌.
पिन गेली.

लाल मातीत आम्ही दोघं ओणवे,
तांदळाच्या कणीएवढं लोखंड चाचपत,
आणि खाली बघूनच ते बोलू लागतात:
रात्रपाळी, घाटीत बंद पडलेला टिप्पर, शेवटचा पगार,
कुणा पुतू वेळीपचं नाव, दोनदा.

पिन केव्हाची माझ्या मुठीत आहे.