निव्वळ वजन

साठ वर्षं झाली कंपनीला, म्हणून विश्वनाथदादा म्हणाला,
इतिहास लिहून दे. पानभर पुरे. गुळगुळीत कागदावर छापू.

तर राजन्ना कोटलवार, राहणार परभणी.
मोंढ्यात सरकीच्या दलालीत बुडाले
आणि कुणाच्या तरी ओळखीनं
मालधक्क्यावरून दोन ड्रम कॉस्टिक आणलं, उधारीवर.
साबणवाल्यांना सबंध ड्रम परवडत नव्हता.
कुणी पाच किलो मागे, कुणी अजून शेरातच बोले.
मग फोडणं आलं.
तोच आमचा धंदा, आजतागायत.
आम्ही काही बनवलं नाही कधी.
मोठ्यातलं छोट्यात भरलं, तोंड बांधलं, वर नाव चिकटवलं.

फोडायला नागम्माआत्या.
सासरहून तीन महिन्यांत परत आलेली, वय एकोणीस.
पत्रा कापून आतल्या पांढऱ्या दगडावर घण घाली,
डोळ्यांना आजोबांचा जुना चष्मा,
संध्याकाळी हातांना ताक.
खळीत मोरचूद घालायचं तिनंच काढलं,
नाहीतर लेबलं उंदीर खायचे.
लेबलावर 'निव्वळ वजन' तिच्या अक्षरात,
त्यातला ळ
पोत्याच्या तोंडाला गाठ मारावी तसा.

पुढचं दादाला पाठ आहे.
पटकीच्या साली गावोगाव ब्लीचिंग पावडर,
एमआयडीसीत प्लॉट, प्लास्टिकचे कॅन,
वाळूजला भरायचं मशीन, झाकणसुद्धा तेच लावतं.
पहिल्या ट्रकच्या मागं आजोबांनी रंगवून घेतलेलं
जगात जर्मनी, भारतात परभणी.

वाटण्यांच्या वेळी रजिस्ट्री ऑफिसात
आत्यानं अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागेना.
पुसून ठेवा, म्हणाला पोरगा. दुसरं बोट ठेवा.
दहाही झाली.
ती हसली, "त्या रेघा डरमात गेल्या की रे लेकरा."
डॉक्टरचा दाखला आणा, मग बघू, म्हणाला.
चार वाजले होते. सगळ्यांना घाई होती.
आक्काचं राहू द्या सध्या, असं जे म्हणाले
ते माझे वडील.
सध्या म्हणजे अकरा वर्षं. मग ती गेली.

दादा, पान पाठवतोय.
डब्यासकट वजन तू आकड्यांत टाकशीलच,
उलाढाल, टनेज, गोदामं.
मजकूर जास्त झाला
तर प्लॉटचा फोटो काप.
आत्याला हात लावू नकोस.