करणारा कोण

हडर्सफील्डच्या कौन्सिलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
मी घरांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते.
ग्लेनिस माझी वरिष्ठ. निवृत्तीला चौदा महिने उरलेत तिच्या.
तिच्या हिरव्या पेनातून काही सुटत नाही.
बाजारात भाजीवाल्याच्या पाटीवर
बटाट्यांच्या अनेकवचनाला उगाच एक अपॉस्ट्रॉफी चिकटलेली असते,
तशी माझ्या पत्रात दिसली, की ती
चिलटासारखी टिपते.
वाक्य वीस शब्दांपलीकडे नको.
'तथापि'नं सुरुवात नको.
'दिलगीर आहोत' एकदाच;
दोनदा म्हटलं की वकील जागे होतात.

एवढं मात्र ती कधी खोडत नाही:
'विलंब झाला.'
'नोंद घेण्यात आली आहे.'
'पाहणी करण्यात येईल.'

मिरजेच्या शाळेत डिग्रजकर बाई
फळ्यावर खडू आपटून म्हणायच्या,
"क्रियापदाला विचारा, करणारा कोण?"
शिपायाने घंटा वाजवली. वाजवणारा कोण? शिपाई.
इतकं सोपं होतं.
आमच्या पत्रातल्या क्रियापदाला विचारलं
तर ते खिडकीबाहेर बघतं.

आज हब्तोम टेकलेचं पत्र आलं. चौथं.
वहीतून फाडलेला कागद, इंग्रजी मोडकं,
मराठीत आणलं तर साधारण असं:
'मी तीन महिना सांगतो. भिंत पाणी पितो.
काळा डाग पलंगापर्यंत आला.
मुलगी रात्रभर खोकतो.
तुम्ही माणूस पाठवला नाही.'

सवयीनं पेन उचललं.
लिंग, वचन, काळ, सगळंच घसरलेलं.
आणि प्रत्येक वाक्यात कर्ता,
आपापल्या जागी, बूट घालून उभा.

मी टाइप केलं, 'आम्ही माणूस पाठवला नाही.'
ग्लेनिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
चार शब्द वाचायला तिला बराच वेळ लागला.
"व्याकरणात चूक नाही," म्हणाली,
आणि कागद कुठल्याच ट्रेमध्ये न ठेवता
हातातच घेऊन बसली.

संध्याकाळी बसमध्ये फोन उघडला.
वसूला लिहायचं पत्र आठवडाभर एकाच ओळीवर अडलंय:
'बाबांच्या वेळी यायचं राहून गेलं.'
किती मायाळू भाषा आपली!
कप फुटतो, दूध उतू जातं,
विमानाची तिकिटं महाग होतात,
यायचं राहून जातं.
कुणीच काही केलेलं नसतं.
ऱ्हस्व-दीर्घ तपासले. अनुस्वार जागच्या जागी.
ग्लेनिसला मराठी येत असतं
तरी तिला इथे काही सापडलं नसतं.

लिंडलीच्या चढावर बस धापा टाकत होती.
ओळ खोडली. लिहिलं,
'मी आले नाही.'

पूर्णविरामापाशी बोट तसंच राहिलं,
आणि माझ्या थांब्यावर
उतरायचं राहून गेलं.