वाफसा

रास अल खैमाला उन्हाळ्यात सहालाच
ऊन भिंतीला टेकलेलं असतं.
त्याआधी मी उम्म घानिमच्या खजुरांत जाते,
चार बोटं खोल, चमच्याने माती काढते.
वर मिठाची पापडी, खाली कोमट पीठ.
"सोनं शोधतेस?"
"जंतू."
ती हसते. "ते तर माझ्या सुनेच्या चुलीपाशीही आहेत."

तिसऱ्या आठवड्यातही बशा गप्प.
पांढुरके ठिपके, वर खडूसारखी लव,
झाकण उचललं की कापलेल्या बिटाचा वास,
एवढंच.
शेजारी पेरलेले इस्पितळातले जंतू
(खाट अकरा, परांचीवरून पडलेल्या नूरुलची जखम)
त्यांच्या अंगाला अंग लावून खुशाल वाढत होते.

यंत्राने वाचून दाखवलं होतं: कृती आहे.
चोवीस जनुकं एका ओळीत, एकूण एक अक्षर जागेवर,
आणि उंबऱ्यावर एक प्रथिन
खुडूक कोंबडीसारखं
बसलेलं.

रागावू नये त्याच्यावर.
विष महाग पडतं.
पोटाला मिळतंय तोवर कोण कशाला रांधेल ते?
आणि रांधायचंच तर
आधी स्वतःच्या दाराला कडी हवी.
प्रत्येक धागा एकेक रेणू सोडत राहतो,
इतका बारीक की एकट्याचा जमेस धरू नये,
दोघांचा नाही,
हजारांचाही नाही.
मग कधीतरी दाटी होते
आणि कोंबडी उठते.

मी बशा ऐसपैस पेरल्या होत्या.
प्रत्येकाला आपली खोली.
हे मी माझ्या खोलीत लिहिते आहे, एका ताटापुढे.

इद्रिस म्हणाला, अजून एक अडसर असतो.
त्या कृतीत तीन अक्षरांचा एक शब्द येतो,
बाकी सगळ्या पोथीत क्वचितच सापडणारा.
तो वाचणारा दुभाष्या उशिरा येतो,
वसाहत वयात आल्यावर.
तोवर निरोप त्या शब्दाशी अडून
पडून राहतो.
ज्यांच्यात हा दुभाष्या निपजतच नाही
त्यांना लव फुटत नाही; त्यांचं नावच टकले.
"माझे भाऊबंद,"
इद्रिसने डोक्यावरून हात फिरवला.

नूरुलचा पाय गुडघ्याखालून काढला
त्या दिवशी माझा हात हलला,
एक बशी फार दाट पेरली गेली.
टाकून द्यायची होती. ईदच्या सुट्टीत
फडताळात मागेच राहिली, अकरा दिवस.
परतले तर जेल सुकून ताणलेलं,
खायला काही उरलं नव्हतं,
निम्मे धागे मरून निम्म्यांचं अन्न झाले होते,
आणि सगळ्या बशीभर
धुण्याच्या निळीसारखी नीळ.

तिचा एक तुकडा कापून
खाट अकराच्या जंतूंमध्ये ठेवला.
सकाळी भोवती एक वर्तुळ,
दिरहमएवढं,
कोरं.

दोन महिन्यांनी अबू धाबीहून अहवाल आला:
रेणू जुना. माहितीतला. नवे काही नाही.
इद्रिसने चहा केला, साखर जास्त घातली.
नूरुल तोवर चितगावला, कुबडीवर.

आज पुन्हा खजुरांत. इद्रिसही आला, पिशव्या धरायला.
परवा पाणी सोडलेलं.
मूठ मिटली तर ढेकूळ बांधलं जातं,
बोट लावलं तर भुगा,
हाताला चिकटत नाही.
तोंडातून निघून गेलं, "वाफसा."
चार वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता.
त्याने विचारलं, म्हणजे काय?
इंग्रजीत शोधलं, माझ्या मोडक्या अरबीत शोधलं.
ओली नाही, म्हटलं. कोरडीही नाही.
मग ढेकूळच त्याच्या तळव्यावर ठेवलं
आणि त्याची बोटं मिटवली.

पिशवीवर नाव घालताना तो थांबला.
त्याच्या लिपीत 'व' नाही.
वाव काढू की फे?
नमुना एकेचाळीस,
पेन हवेत.